दारामागची पिशवी

(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय ‘भय आणि आपण’. मी मानसशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, तेरा-चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. त्यामुळे मेंदूत भीती कुठे तयार होते हे मी सांगणार नाही. आमच्या घरात ती कुठे टांगलेली असते, ते सांगतो.

मिरजेला आमच्या घरी, पुढच्या दारामागे एका खिळ्याला पिशवी असते. कापड दुकानात मिळते तसली, जाड नायलॉनची. तिच्यात रेशनकार्ड, अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, घराचा उतारा, दुकानाचा परवाना, आम्हा भावंडांचे जन्मदाखले, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं. अब्बांचं फळांचं दुकान आहे, आम्ही बागवान. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, सांगली-इचलकरंजीपर्यंत लोण गेलं. मी तेव्हा कॉलेजच्या होस्टेलवर होतो. आमच्या दुकानाला काही झालं नाही. पण त्या आठवड्यात अब्बांनी ती पिशवी भरली आणि दारामागे टांगली. निघावं लागलं तर एका हाताने उचलता आली पाहिजे, एवढाच हिशेब. तेव्हापासून ती तिथेच आहे. घराला रंग दिला तेव्हा खिळासुद्धा काढला नाही, त्याच्याभोवतीनं ब्रश फिरवला.

मिरज म्हणजे मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव, सतारी बनवणाऱ्यांचं गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला तिथे गाणं होतं, ते ऐकायला सगळ्या धर्मांचे लोक मांडी घालून बसतात. हे सगळं खरं आहे. आणि पिशवीही खरी आहे. आपल्या सभांमधून बऱ्याचदा पहिलं सांगतात आणि दुसरं गाळतात, म्हणून दोन्ही एकत्र सांगितलं.

आता माझी स्वतःची गोष्ट. 2 जून 2014 ला रात्री हडपसरमध्ये आयटीत काम करणाऱ्या सोलापूरच्या एका तरुणाला जमावानं मारलं. फेसबुकवर कुणीतरी विटंबना करणारी चित्रं टाकली होती, पुण्यात त्यावरून तणाव होता. त्या मुलाचा त्या चित्रांशी काही संबंध नव्हता. तो नमाज पढून परत येत होता, दाढी होती, डोक्यावर टोपी होती. 2023 च्या जानेवारीत त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. मी 2014 मध्ये पुण्यातच होतो, त्याच्यासारखीच नोकरी, तसंच भाड्याचं घर. दुसऱ्या दिवसापासून मी मशिदीच्या पायऱ्या उतरायच्या आधी टोपी काढून खिशात ठेवायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे ती सवय झाली. काही वर्षांनी माझ्या मुलानं विचारलं, ‘अब्बू, बाहेर टोपी घालायची नसते का?’ त्याला वाटलं हा नमाजाचाच नियम आहे. वजू करून आत जायचं, टोपी काढून बाहेर यायचं. माझी भीती त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा मसला झाला होता.

आमच्या कामात एक प्रकार असतो, ऑन-कॉल. आठवडाभर रात्रीचा फोन तुमच्याकडे. सिस्टिममध्ये काही बिघडलं की अलर्ट वाजतो. कितव्या पातळीला वाजायचं हे माणसं ठरवतात. पातळी फार वर ठेवली तर खरा बिघाड निसटतो. फार खाली ठेवली तर रात्रभर फोन वाजत राहतो, झोपेचं खोबरं होतं, आणि चौथ्या-पाचव्या रात्री माणूस आवाज बंद करून झोपतो. आमच्या एका टीमनं असंच केलं होतं. नेमका त्याच रात्री खरा बिघाड झाला. भीतीचं मला असंच दिसतं. अलर्ट नको असं कुणी शहाणा इंजिनिअर म्हणणार नाही. हडपसरचा खून खोटा नव्हता, मिरजेची संचारबंदी खोटी नव्हती. ‘घाबरू नका, सगळं ठीक आहे’ हे वाक्य मला म्हणूनच आवडत नाही. पण दर तासाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस क्लिप येते, तिच्यात रडणारी बाई असते, गावाचं नाव नसतं, तारीख नसते, आणि शेवटी ‘आगे भेजो’ असतं, तेव्हा आपली पातळी दुसरं कुणीतरी ठरवत असतं.

आणि हे फक्त आपलं दुखणं नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच माणसं ठेचून मारली. ती मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मागून खाणारी माणसं होती. मारणारे हिंदू-मुसलमान असा काही मामला नव्हता. त्याच रात्री मालेगावातही जमाव जमला होता, तिथे पाच जणांना पोलिसांनी कसंबसं वाचवलं, त्यांत एक लहान मूल होतं. मालेगावातला जमाव कुणाचा असेल हे मी सांगायला नको. भीती तीच, अफवा तीच, आणि हातही तसेच उठतात. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पाच! आमच्या धंद्यातल्या कुणीतरी कोडमध्ये एक आकडा बदलला. मला त्या आकड्याचं अजून नवल वाटतं, कारण इतक्या लोकांची भीती इतक्या छोट्या खिळ्यावर टांगलेली होती.

बहुसंख्याकांच्या भीतीबद्दलही बोललं पाहिजे. ऑफिसात माझा एक चांगला मित्र आहे, सातारकडचा. आमच्या घरी ईदला येतो, शिरखुर्म्याचा दुसरा वाडगा मागून घेतो. एकदा चहाला म्हणाला, ‘राग मानू नकोस, पण तुमची संख्या ज्या वेगानं वाढतेय...’ मी त्याला फोनवर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे काढून दाखवले. 1992-93 मध्ये मुस्लिम बाईला सरासरी 4.4 मुलं व्हायची, 2019-21 मध्ये 2.36. हिंदू बाईचा आकडा त्याच काळात 3.3 वरून 1.94 वर आला. म्हणजे उतार आपला जास्त आहे, अंतर कमी होतंय. त्यानं नीट पाहिलं, मान हलवली, कप ठेवला आणि म्हणाला, ‘हो, पण आमच्या गावात बघशील तर...’ मला आधी राग आला. मग आठवलं, अम्मीला मी तीन वेळा सिद्ध करून दाखवलंय की ती रडणाऱ्या बाईची क्लिप आपल्या देशातली नाही. ती ऐकते, हो म्हणते आणि संध्याकाळी खालाला पाठवते. त्या मित्राशी माझं बोलणं सुरू आहे. मी आकडे आता कमी सांगतो, गाव जास्त विचारतो.

आता कागदांकडे येतो, कारण तिथे माझं शिक्षण कामाला आलं आणि तिथेच मला जास्त कळलं.

31 ऑगस्ट 2019 ला आसामची अंतिम नागरिक नोंदवही आली. 19 लाख 6 हजार 657 माणसं बाहेर. त्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, आणि देशभर नोंदवही होणार असं भाषणांत यायला लागलं. तो हिवाळा तुम्हाला आठवत असेल, तुमच्यातले काही तेव्हा शाळेत असतील. मालेगावसारख्या शहरांत जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या. मिरजेलाही गल्लीगल्लीत एकच प्रश्न, ‘तुमच्या दाखल्यावर स्पेलिंग काय आहे?’ अब्बांनी दहा वर्षांनी पहिल्यांदा पिशवी खाली उतरवली आणि मला बोलावलं.

त्यांचं नाव मोहम्मद हनीफ. शाळेच्या दाखल्यावर ‘महंमदहणीफ’, ण बाणाचा. रेशनकार्डावर ‘महमद हनिफ’. मतदार यादीत इंग्रजीतून परत मराठीत आणताना ‘मोहद हनीफ’, कारण इंग्रजीत कुणी ‘मोहम्मद’ आखडून चार अक्षरांत लिहिलं होतं. जन्मतारीख 1 जून. पिशवीत आजोबांचा कागद होता, त्यांचीही 1 जून. तुमच्यापैकी कितींच्या आजोबांची 1 जून आहे? बघा किती हात आहेत. गुरुजी शाळेत नाव घालताना वयाचा अंदाज घ्यायचे आणि 1 जून टाकून मोकळे व्हायचे. पाटील, कांबळे, कुलकर्णी, बागवान, सगळ्यांच्या आजोबांचा वाढदिवस एकाच दिवशी. कागदांचा हा गोंधळ सबंध महाराष्ट्राचा आहे. तो आपल्या एकट्याचा नाही, हे मला त्या रात्री आधी समजायला हवं होतं, पण मीही घाबरलेलो होतो.

नावं जुळवायची एक जुनी युक्ती आहे, साउंडेक्स. 1918 मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट निघालं, पुढे तिथल्या जनगणनेच्या नोंदी लावायला वापरली. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, व्यंजनांना आकडे द्यायचे. मी सहज गंमत म्हणून चालवून पाहिलं. इंग्रजीत लिहिलेली मोहम्मद, मुहम्मद, महंमद ही सगळी नावं एम530 या एकाच खुणेत पडतात. पण ‘मोहद’ असं आखडलं की खूण होते एम300. यंत्राच्या लेखी तो दुसरा माणूस. ही युक्ती लिहिणाऱ्याच्या मनात आपल्याविषयी काही वाईट नव्हतं, त्याला आपण माहीतच नव्हतो. आपल्या ओळखीचा निर्णय घेणाऱ्या यादीत अशी एखादी ओळ असू शकते. तिच्याविषयी घाबरून राहण्यापेक्षा ती वाचता येणारी माणसं आपल्यात किती आहेत हा माझा प्रश्न आहे.

आम्ही प्रतिज्ञापत्रं केली, राजपत्रात नाव दिलं, पैसे गेले. अब्बा तीन महिने नीट जेवले नाहीत. त्यांना आधीपासून रक्तदाब आहे. मग कोरोना आला, एप्रिल 2020 ची जनगणना पुढे गेली, आणि गल्लीत तो विषय जसा आला तसा विरला. भीती मात्र विरली नाही. पुढे 2023 मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. उशिरा नोंदणीचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आला. ज्यांच्याकडे दाखला नव्हता ते अर्ज करायला गेले. मग आरोप झाले की यात बांगलादेशी, रोहिंग्या घुसलेत, मालेगावचं नाव गाजलं. 2025 च्या जानेवारीत राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं आणि असे दाखले देणं थांबवलं. एकदा सलग बघा. कागद नाही म्हणून माणूस घाबरला, घाबरून कागद काढायला गेला, आणि इतके लोक कागद काढायला का आलेत म्हणून संशयित झाला. काही दाखले खोटे निघाले असतील, त्यांची चौकशी व्हावीच. पण रांगेत उभा असलेला बहुतेक माणूस माझ्या अब्बांसारखा, ण बाणाचा.

आता मला जे सांगताना जड जातं ते.

2011 मध्ये माझ्या आपाला तिच्या नवऱ्यानं फोनवर तीनदा शब्द उच्चारून सोडलं. पोरगी नऊ महिन्यांची होती. ती माहेरी आली. मला नुकतीच नोकरी लागली होती, मी इंटरनेटवर वाचून अब्बांना सांगितलं की पोटगी मागता येते, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं डॅनियल लतीफी खटल्यात मुस्लिम बाईचा हक्क नीट मांडलाय, आपण वकिलाकडे जाऊ. अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कोर्टात गेलो की पेपरात येणार. आधीच लोक आपल्याकडे कसे बघतात. बात घर की घर में रहने दो.’ दोनच वर्षं झाली होती दंगलीला. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला कळत होतं. बाहेरच्यांच्या हातात आपण काठी द्यायची आणि त्यांनी ती आपल्याच पाठीत घालायची. मी अब्बांना दोष देऊन मोकळा होणार नाही. माझ्याही लग्नाची बोलणी चालू होती. बहिणीची केस कोर्टात आहे हे मुलीकडच्यांना कळू नये असं मलाही वाटत होतं. मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

हे आमच्याच घरात घडलं असतं तर मी इथे सांगत बसलो नसतो. आपल्या समाजाच्या सार्वजनिक आयुष्यातही हेच झालंय. एप्रिल 1985 मध्ये शाहबानोंच्या बाजूनं निकाल लागला. इंदूरची म्हातारी बाई, महिन्याला 179 रुपये 20 पैसे पोटगीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत आलेली. शरीयत धोक्यात आहे अशी हाक उठली, मोर्चे निघाले, आणि त्याच वर्षी त्या बाईनं स्वतःच्या बाजूचा निकाल जाहीरपणे नाकारला. जिंकलेली बाई म्हणते, मला नको. 1 फेब्रुवारी 1986 ला बाबरी मशिदीचं कुलूप निघालं, मे महिन्यात पोटगीवर मर्यादा घालणारा कायदा झाला. दोन्हीकडच्या भयाला काही ना काही मिळालं. बाईला काय मिळालं?

हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला सात बायकांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हाही त्यांना हेच ऐकावं लागलं असणार, ‘आत्ता नको, वेळ चांगली नाही’. मला एवढंच विचारायचंय, त्यानंतर चांगली वेळ कधी आली होती? 1966 ला नव्हती, 1986 ला नव्हती, 1992 ला नव्हती, आज तर नाहीच. आमच्या कामात जुना कोड असतो, त्याला कुणी हात लावत नाही, कारण हात लावला तर सगळं कोसळेल अशी धास्ती. दहा वर्षांनी तोच सगळ्यात नाजूक झालेला असतो, कारण तो समजणारं कुणी उरलेलं नसतं. आणि मग कुणीतरी परका येऊन, आपल्याला न विचारता, एका झटक्यात तो बदलतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं एकतर्फी तीन तलाक रद्द केला. पाठोपाठ 2019 च्या कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. तो कायदा कसा आला, कुणी आणला, यावर आपल्यातले बरेच जण चिडले. मीही चिडलो. पण आपण 1966 पासून काय करत होतो?

आपाची मुलगी आता नववीत आहे. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो साधारणपणे वडिलांच्या बाजूचा. वडिलांची बाजू म्हणजे ते घर, ज्याच्या दारात आम्ही चौदा वर्षांत गेलो नाही. 2011 मध्ये कोर्टात गेलो असतो तर निदान हक्कानं मागायला एक कागद असता. घराची अब्रू राखायला गप्प बसलो आणि त्या पोरीचा कागदच पिशवीत नाही. पिशवी केवढी भरलेली आहे, आणि नेमका तिचा कागद नाही.

गेल्या महिन्यात मी आणि आपा त्या गावी गेलो. तिच्या सासऱ्यांनी दार उघडलं. थकलेत. नातीला ते तिच्या पहिल्या वर्षानंतर बघितलेले नाहीत. मी मोठं भाषण तयार करून गेलो होतो, कलमं, निकाल, 2024 च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं पोटगीबद्दल पुन्हा काय सांगितलं ते सगळं. आपानं मला बोलूच दिलं नाही. तिनं विचारलं, ‘मामू, तुमच्या शाळेचा दाखला सापडेल का?’ त्यांनी तिला आत बसवलं, पेटी उघडली. जन्मतारीख 1 जून. आम्ही तिघंही हसलो. दाखला घेतला, झेरॉक्स केली, परत दिला. अर्ज आता प्रांत कार्यालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पोटगीचं मी आपाला परत विचारलं. ती म्हणाली, विचार करते. विचार करायला तिला चौदा वर्षं कुणी वेळच दिला नव्हता.

इथे हे सांगू का म्हणून तिला विचारलं होतं. म्हणाली, ‘माझं नाव घेऊ नकोस. पोरीचं तर नकोच. बाकी सांग.’ म्हणून नाव घेतलं नाही.

टोपीचंही सांगून टाकतो. मी ती अजूनही कधी कधी खिशात घालतो. रात्री उशिरा, अनोळखी रस्ता असेल तर. पण मुलाला आता खरं कारण सांगितलंय. त्यानं विचारलं, ‘कुठल्या रस्त्यावर?’ मग आम्ही बसून ठरवलं, कुठे हरकत नाही आणि कुठे जपायचं. आमच्या घराजवळचा रस्ता हरकत नसलेल्यांत निघाला, आणि मी तिथेही इतकी वर्षं खिशातच ठेवत होतो.

बरं, चहा आलेला दिसतोय. शेजारच्या खोलीत आपल्या मुलांनी चार लॅपटॉप लावलेत. मतदार यादीत स्वतःचं आणि घरच्यांचं नाव शोधून घ्या, स्पेलिंग काय पडलंय ते कागदावर उतरवा. दुरुस्तीचा अर्ज कसा भरायचा ते तिथेच दाखवू. जातीच्या दाखल्यासाठी काय काय लागतं त्याची यादी फळ्यावर लिहिली आहे. पोटगीबद्दल विचारायचं असेल तर दोन वकील ताई आतल्या खोलीत बसल्यात, तिथे दार लावून बोलता येईल. सोबत भावांना न्यायची गरज नाही.